उधारी बुडते ती कॅलेंडरवर

२०२५ च्या पावसाळ्यात भोसरीहून एक गृहस्थ माझ्याकडे आले. एक लेथ, दोन मिलिंग मशिनं, चार कामगार, आणि दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवरून पार्ट काढून देण्याचा धंदा. हातात कापडी पिशवी होती, ती त्यांनी टेबलावर उपडी केली. बिलं, चलनं, एक व्हिजिटिंग कार्ड, बँकेची फाइल, आणि मधेच कुणाच्या तरी औषधांची चिठ्ठी. एका गिऱ्हाइकाकडून येणं होतं दोन लाख दहा हजार.

"वकीलसाहेब, माणूस पैसे नाही म्हणत नाही. कधीही फोन करा, म्हणतो, देतो की."

मी आधी तारखा पाहिल्या. शेवटचं बिल तीन वर्षं चाळीस दिवसांपूर्वीचं होतं.

उधारीच्या धंद्यात "नाही देत" म्हणणारा माणूस त्यामानाने बरा. त्याच्यावर आपण महिन्याभरात नोटीस काढतो. "देतो की" म्हणणारा मात्र दिवाळी, मार्च एंड, मुलीचं लग्न, मशिनचा हप्ता अशा थांब्यांवर उतरत उतरत तीन वर्षं आरामात काढतो. आणि विकलेल्या मालाच्या किंवा केलेल्या कामाच्या पैशांसाठी दिवाणी दावा लावायला १९६३ चा मुदत कायदा तीनच वर्षं देतो. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल पोचता झाल्या दिवसापासून मोजायचं, साठ दिवस वगैरे ठरलेले असतील तर ते संपल्यापासून. प्रत्येक बिलाचं मोजमाप वेगळं चालतं. जानेवारीचं बिल मेलेलं असतं तेव्हा मार्चचं अजून जिवंत असू शकतं.

तीन वर्षांनी देणं नाहीसं होत नाही. समोरच्याने आपणहून दिले तर खुशाल घ्या. पण कोर्ट ते वसूल करून देणार नाही, आणि समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायाधीशांना तो स्वतःहून पाहावाच लागतो.

इथे एक गैरसमज मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकतो: "साहेब, मी मागच्या वर्षी वकिलाची नोटीस दिली होती, म्हणजे मुदत वाढली ना?" नाही वाढली. तुम्ही शंभर नोटिसा द्या, हजार फोन करा, तुमच्या बाजूने काहीही केल्याने मुदत एक दिवसही वाढत नाही. ती वाढते ती देणेकऱ्याने काही केल्यावर, आणि त्याने करायच्या गोष्टी दोन आहेत.

एक म्हणजे लेखी कबुली. तीन वर्षं संपायच्या आत त्याने सही करून "इतकी बाकी आहे" एवढं मान्य केलं, की त्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. त्यात "देईन" असं लिहिलेलं असण्याचीही गरज नाही. सीए लोक दर एप्रिलमध्ये जी बाकी कबुलीची पत्रं मागवतात, ती ऑडिटसाठी असतात असं सगळ्यांना वाटतं. माझ्या मते छोट्या उद्योजकाच्या टेबलावरचा तो सगळ्यात मोलाचा कागद आहे. दोन ओळी पुरतात: "दि. ३१ मार्च अखेर आपल्याकडून आमचे रु. अमुक येणे आहे. बरोबर असल्यास सही-शिक्का करून परत पाठवावे." संबंध चांगले असतात तेव्हा यावर सही मिळते. भांडण सुरू झाल्यावर कोणी पेनाला हात लावत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अंशतः दिलेले पैसे. मुदतीच्या आत त्याने खात्यापोटी काही रक्कम दिली आणि ते त्याच्या सहीच्या कागदावर दिसत असलं, चेक हा त्याचा सोपा नमुना, तर तिथूनही नवी तीन वर्षं मिळतात. रोख दिले आणि तुम्ही फक्त तुमच्या वहीत जमा केले, तर तो पुरावा तुमच्या हस्ताक्षरातला झाला, त्याच्या नव्हे.

मी भोसरीच्या गृहस्थांना विचारलं, मधे कधी काही दिलं होतं का त्याने?

"दिवाळीला पंधरा हजार दिले होते दोन वर्षांमागे. चेकने. पण ते कसले पैसे साहेब, मी ते धरतच नाही."

त्यांनी न धरलेल्या त्या पंधरा हजारांनी सगळी उधारी वाचवली होती. चेक नोव्हेंबर २०२३ चा होता, म्हणजे नोव्हेंबर २०२६ पर्यंत वेळ होता.

अशी रक्कम आली की पावतीवर एक ओळ लिहायची सवय लावा: कोणत्या बिलापोटी जमा केली. देणाऱ्याने काही सांगितलं नसेल, तर कोणत्या बिलात जमा करायची हे ठरवायचा हक्क करार कायद्याने तुम्हाला दिला आहे, आणि मुदत उलटलेल्या जुन्या बिलातही ती जमा करता येते. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मुदत पूर्ण उलटून गेली असेल तरी एक दार किलकिलं राहतं. देणेकऱ्याने सही करून "ही जुनी रक्कम मी देईन" असं वचन लिहून दिलं, तर तो नवा, वैध करार होतो. तेव्हा मात्र नुसती "बाकी आहे" ही कबुली पुरत नाही, "देईन" हा शब्द लागतो.

व्हॉट्सॲपचं काय? "होय, दोन लाख दहा हजार आहेत, गणपतीनंतर देतो" असा मेसेज उपयोगी आहे आणि तो जपून ठेवाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, त्यात एक भाग तुम्ही आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. फोन बदलताना चॅट उडवून टाकणारे आणि नंतर स्क्रीनशॉटची प्रिंट घेऊन येणारे लोक इथे अडकतात. आणि तुमच्या "बाकी २,१०,००० बरोबर ना?" या प्रश्नाला त्याने नुसता अंगठा दाखवला असेल तर फार खूश होऊ नका. पूर्वी कागदावर अंगठा उठवला की कर्ज कबूल व्हायचं. व्हॉट्सॲपच्या अंगठ्यावरून कोर्टात वाद घालत बसावं लागतं.

पंचेचाळीस दिवसांचा कायदा

पिशवीतल्या बँकेच्या फाइलमध्ये एक कागद होता ज्याकडे त्यांनी बघितलंही नव्हतं: उद्यम नोंदणीचं, म्हणजे सरकारदरबारी छोटा उद्योग म्हणून केलेल्या नोंदणीचं प्रमाणपत्र. २०२१ मध्ये कर्जासाठी बँकेने करायला लावलं होतं, तेव्हापासून ते फाइलमध्येच.

२००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा बहुतेकांना अनुदान आणि कर्जासाठी माहीत असतो. त्याचं पाचवं प्रकरण मात्र थेट थकलेल्या पैशांबद्दल आहे आणि ते आश्चर्य वाटावं इतकं कडक आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर खरेदीदाराने लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे असता कामा नये. लेखी काही ठरलेलंच नसेल तर मुदत १५ दिवसांची. ऑर्डरवर "पेमेंट ९० दिवसांनी" असं छापलेलं असतं आणि तुम्ही त्याखाली सही केलेली असते, तरी कायदा ४५ च मोजतो. करारात काहीही असलं तरी या तरतुदी वरचढ राहतात, असं कायद्यातच म्हटलं आहे.

"स्वीकारणं" म्हणजे काय, याचंही उत्तर तिथेच आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी तक्रार केली नाही, तर माल ज्या दिवशी पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. पैसे मागायला गेलं की सहा महिन्यांनी "तुमचा माल रिजेक्ट होता हो" सुरू होतं, त्यावर हा उतारा. म्हणून चलनावरचा गेटचा इनवर्ड शिक्का, नंबर आणि तारीख यांना जपा. वॉचमनच्या नुसत्या सहीने पुढे "हा माणूस आमचा नाही" असं ऐकावं लागतं.

मुदत चुकली की व्याज लागतं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, आणि तेही दर महिन्याला चक्रवाढ. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज सव्वावीस टक्के. या दराने दोन लाखांवर वर्षाला साधारण साडेचव्वेचाळीस हजार होतात. शिवाय हे भरलेलं व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. भोसरीच्या हिशेबात मुद्दल दोन लाख दहा हजार आणि व्याज दीड लाखाच्या आसपास निघालं. मी आकडा सांगितला तेव्हा गृहस्थांनी आपणच गुन्हा केल्यासारखा चेहरा केला. "एवढं मागायचं? तो परत काम देईल का?" हा प्रश्न खरा आहे. कायद्याकडे त्याचं उत्तर नाही.

दाद मागायची ती सूक्ष्म आणि लघु उद्योग सुविधा परिषदेकडे. आपल्याकडे पुणे, नाशिक, नागपूर अशा विभागीय परिषदा आहेत, उद्योग सहसंचालकांच्या कार्यालयाशी जोडलेल्या. अर्ज ऑनलाइन करता येतो, २०१७ पासून त्यासाठी "समाधान" पोर्टल होतं. खरेदीदार चेन्नईचा असो की गुवाहाटीचा, प्रकरण तुमच्या परिषदेत चालतं, त्याला इकडे यावं लागतं. ऑर्डरवर "लवाद फक्त दिल्लीत" असं छापलेलं असलं तरी हा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. परिषद आधी समेट घडवून बघते, नाही जमलं तर लवाद म्हणून निकाल देते किंवा तो दुसऱ्या संस्थेकडे सोपवते.

कायद्यात ९० दिवसांत निकाल लावा असं म्हटलंय. त्यावर विसंबून कोणाला हातउसने शब्द देऊ नका, प्रत्यक्षात जास्त वेळ जातो. मग या कायद्याचा दात कुठे आहे? निकाल विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल, तर आधी निवाड्याच्या रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. वेळ काढण्यासाठी अपील करणाऱ्यांची हौस तिथे फिटते. मोठ्या कंपनीचा लीगलवाला हे कलम बघतो आणि अकाउंट्सला फोन लावतो.

मुदतीच्या बाबतीत जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विदर्भातून गेलेल्या एका प्रकरणात, एक फरक केला आहे. परिषदेपुढच्या समेटाला तीन वर्षांची मर्यादा लागू नाही, पण समेट फसून लवाद सुरू झाला की लागू आहे. म्हणजे जुन्या बिलांवर बोलणी होऊ शकतात, हुकूम मिळेलच असं नाही.

आता कोणाला हे लागू नाही ते ऐका, कारण इथे बरेच जण तोंडघशी पडतात. मध्यम उद्योगाला नाही. दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर अशा नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली केली, पण ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती, उशिराच्या पेमेंटचं संरक्षण त्यात नाही. बांधकामासारख्या, माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कंत्राटांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने याआधी नकार दिलेला आहे, तेव्हा कंत्राटदारांनी वकिलाला विचारूनच परिषदेत जावं. आणि नोंदणी माल देण्याआधीची हवी. पैसे थकल्यावर धावत जाऊन नोंदणी केली तर मागच्या पुरवठ्याला लाभ नाही, असं २०२२ पर्यंतच्या निकालांचं सूत्र होतं. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्याच एका पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. पण तो निकाल आपल्या बाजूने लागेल या आशेवर कशाला राहायचं? नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, अर्धा तास जातो. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट त्यासाठी दोन-तीन हजार उकळतात, तेवढं पत्ता नीट वाचून टाळा. शेवटी "गव्ह डॉट इन" असायला हवं.

१ एप्रिल २०२५ पासून मर्यादाही वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंत असेल तर लघु. भोसरी, शिरोली, सातपूर, बुटीबोरीतली बहुतेक शेड यात आरामात बसतात.

फेब्रुवारीत लिहायचं पत्र

परिषदेत न जाताही या कायद्याचा उपयोग होतो, आणि मला विचाराल तर तोच जास्त होतो. आयकर कायद्यात २०२३ मध्ये एक पोटकलम घातलं गेलं, ४३-बी (एच), आणि १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ४५ (किंवा १५) दिवसांत चुकतं केलं नाही, तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षात धरता येतो. समजा तुमचा पाच लाखांचा माल १० जानेवारीला पोचला. लेखी ठरलेले पंचेचाळीस दिवस २४ फेब्रुवारीला संपले. त्याने ३१ मार्चपर्यंत दिले तर त्याचं काही बिघडत नाही. एप्रिलमध्ये दिले, तर सरत्या वर्षात ते पाच लाख त्याच्या नफ्यात मिळवले जातात, आणि तीस टक्क्यांच्या दरात असेल तर दीड लाखांचा कर आधी भरावा लागतो. पुढच्या वर्षी ती वजावट मिळते, पण तोवर पैसा अडकला. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमाचा आकडा बदलला, नियम राहिला.

म्हणून फेब्रुवारीत एक सभ्य पत्र लिहायचं. धमकी नको. "आमचा उद्यम क्रमांक अमुक, वर्ग सूक्ष्म, काम उत्पादनाचं. सोबत प्रमाणपत्र आणि बिलांची यादी. वर्षअखेरच्या तुमच्या हिशेबासाठी कळवत आहोत." हे पत्र मालकाला न पाठवता त्याच्या अकाउंटंटला आणि शक्य असेल तर सीएला पाठवा. मालक मैत्रीने टाळतो, सीए तसं टाळू शकत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हे कलम आलं तेव्हा सुरतच्या कापडबाजारात मोठी खळबळ उडाली. कित्येक खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडून माल घेण्याकडे वळले, काहींनी पुरवठादारांना नोंदणी रद्द करायला सांगितलं. तुम्हालाही कोणी "उद्यम नंबर काढून टाका, मग ऑर्डर देतो" म्हटलं, तर तो कशाची तयारी करतोय हे ओळखा.

दुसरी कळ जीएसटीची. तुम्ही बिल केलं त्याच महिन्याचा कर तुमच्या खिशातून भरला, आणि खरेदीदाराने त्याचं क्रेडिट घेतलं, म्हणजे तेवढी रक्कम स्वतःच्या करातून वजा केली. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याने तुम्हाला पैसे दिले नाहीत, तर ते क्रेडिट त्याला व्याजासह परत करावं लागतं. त्याने क्रेडिट घेतलेलं असणं हा तुमच्या बाजूचा पुरावाही आहे. माल मिळालाच नव्हता म्हणणाऱ्याला, मग क्रेडिट कशावर घेतलं, हे विचारता येतं.

चेक परत आला तर

उधारीच्या बाकी सगळ्या गोष्टी वर्षांत मोजतात, चेक मात्र दिवसांत. आणि दिवस चुकला तर फौजदारी केस गेली.

चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरायचा. परत आला की बँकेचा रिटर्न मेमो मिळतो. मेमोची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून त्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते संपले की एका महिन्याच्या आत मॅजिस्ट्रेट कोर्टात तक्रार. उदाहरणार्थ मेमो ३ जूनला मिळाला, नोटीस ३ जुलैच्या आत निघायला हवी. ती त्याला १० जुलैला मिळाली, तर २५ जुलैपर्यंत त्याची वेळ, आणि २६ जुलै ते २५ ऑगस्ट ही तुमची. मेमो खिशात ठेवून "बघू, पुढच्या आठवड्यात भर म्हणालाय" करत बसलेले लोक पस्तिसाव्या दिवशी येतात. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर पुन्हा भरून नवा मेमो घेता येतो, ती संपली असेल तर कलम १३८, म्हणजे चेक न वटण्याला गुन्हा ठरवणारं कलम, विसरायचं आणि दिवाणी दाव्याकडे वळायचं.

नोटीस चेकवरच्या नेमक्या रकमेची असावी. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत मागणी दोन कोटींची होती. टायपिंगची चूक आहे म्हणून सांगितलं, पण नोटीस बाद झाली आणि केसही. व्याज, वकिलाचा खर्च मागायचाच असेल तर वेगळ्या परिच्छेदात, वेगळा आकडा लिहून मागा.

आणखी एक सापळा. तुमच्याकडे एक लाखाचा चेक आहे, दरम्यान त्याने वीस हजार ट्रान्सफर केले, आणि तुम्ही रागाच्या भरात पूर्ण एक लाखाचा चेक भरलात. चेक बाउन्स झाला तरी गुन्हा होत नाही, असा २०२२ चा निकाल आहे, कारण भरते वेळी देणं ऐंशीच होतं. मिळालेली रक्कम चेकवर नोंदवा किंवा ऐंशीचा नवा चेक मागून घ्या.

नोटीस स्पीड पोस्टने, बरोबर पत्त्यावर, पावती सांभाळून पाठवायची. "घेण्यास नकार" शेरा मारून परत आली तरी ती मिळाली असं धरतात, म्हणून परत आलेला लिफाफा फोडू नका, तसाच ठेवा. केस तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. आरोपीने गुन्हा नाकबूल केला तर चेकच्या वीस टक्क्यांपर्यंत रक्कम आधीच भरायला लावण्याचा अधिकार २०१८ पासून कोर्टाला आहे, तो अर्ज करायला विसरू नका. व्यवहारात बहुतेक जणांना तुरुंगात कोणाला पाठवायचं नसतं, पैसे हवे असतात, आणि तडजोड करायला कायद्याची पूर्ण मुभा आहे.

पोलिसात जायचा सल्ला चहाच्या टपरीवर नेहमी मिळतो. नुसते पैसे थकवले म्हणजे फसवणूक होत नाही. माल घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दिसावं लागतं, आणि ठाण्यातून बहुधा "दिवाणी बाब आहे" एवढंच उत्तर मिळतं. वसुलीला "पोरं" पाठवायचा सल्लाही तिथेच मिळतो. तसं केलंत तर फिर्यादीच्या जागी तो बसतो आणि तुम्ही आरोपीच्या.

पैसे नक्की कोणाकडे आहेत?

हे खरं तर माल देण्याआधी बघायचं. बिलावर "अमुक एंटरप्रायजेस" असतं, पण तो एकट्याचा धंदा आहे, भागीदारी आहे की प्रायव्हेट लिमिटेड, हे अर्ध्या लोकांना सांगता येत नाही. एकट्याचा असेल तर त्याचं घरदारही जबाबदार. भागीदारी असेल तर सगळे भागीदार. कंपनी असेल तर फक्त कंपनी. तिच्या संचालकाची गाडी कितीही मोठी असली तरी त्याने स्वतः हमी लिहून दिलेली नसेल तर तिला हात लावता येत नाही. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की कायदेशीर नाव आणि प्रकार फुकट दिसतो. बिलावरचा नंबर रद्द झालेला आहे हेही तिथेच कळतं.

आणि स्वतःकडेही बघा. तुम्ही दोघा भावांनी भागीदारीत धंदा चालवलाय, डीड नोटरी केलंय, पण निबंधकाकडे फर्म नोंदवलेली नाही? मग १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ आडवं येतं: नोंदणी नसलेल्या फर्मला कराराचे पैसे मागायला दावा लावता येत नाही. तुमच्यावर मात्र दावा लावता येतो. मला तरी छोट्या धंद्यांना लागू असलेला याच्याइतका महाग पडणारा आणि स्वस्तात टाळता येणारा नियम दुसरा ठाऊक नाही.

तीन लाख किंवा जास्त रकमेचा व्यापारी दावा असेल, आणि कोर्टाकडून तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल, तर दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे. लोकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. माझा अनुभव उलटा आहे. बरेच देणेकरी सरकारी कागद आल्यावर पहिल्यांदा समोरासमोर बसतात. मध्यस्थीत गेलेला काळ तीन वर्षांतून वगळला जातो.

भोसरीच्या गृहस्थांना मी परिषदेत लगेच जायला सांगितलं नाही. आधी एक पत्र पाठवलं: उद्यम क्रमांक, चलनांचे इनवर्ड नंबर, नोव्हेंबर २०२३ च्या चेकचा तपशील, व्याजाचा महिनावार तक्ता. नवव्या दिवशी पलीकडच्या अकाउंटंटचा फोन आला. घासाघीस होऊन पंधरा हजार वजा मुद्दल आणि वर चाळीस हजार, असं ठरलं. आधी बाकी कबुलीच्या पत्रावर सही-शिक्का घेतला, मग पुढच्या तारखांचे तीन चेक.

पहिला वटला. दुसरा परत आला. या वेळी गृहस्थ तिसऱ्या दिवशी माझ्या दारात उभे होते. पिशवी नव्हती, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये मेमो होता, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने त्यांनी तिसावा दिवस कधी येतो ते मोजून ठेवलं होतं.